अर्जात कलाप्रकार एकच लिहायचा होता

मार्च २०२५ मध्ये माझं कलावंत मानधन मंजूर झालं. तेव्हापासून ओळखीतली माणसं कागदांच्या पिशव्या घेऊन घरी येऊ लागली. भजनी मंडळातले एक बुवा आले, रंगमंचामागे आयुष्य काढलेले दोघे आले, लेझीम आणि दांडपट्टा शिकवणारे एक आप्पा आले. सगळ्यांचा प्रश्न एकच, "आमचं यात बसतं का हो?" प्रत्येकाला तेच पुन्हा सांगण्यापेक्षा क्रमानं लिहून काढतो. ज्यांनी आयुष्यभर एकच कला धरली त्यांना हे काम त्या मानानं सोपं जाईल. माझ्यासारखं ज्यांचं आयुष्य एका कलेतून दुसरीत सरकत गेलं, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहितोय.

आधी योजनेबद्दल. वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देण्याची राज्य शासनाची ही योजना १९५४-५५ पासूनची आहे. आता तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव दिलेलं आहे. पूर्वी अ, ब, क अशा श्रेणी होत्या आणि दरमहा ३१५०, २७०० आणि २२५० रुपये मिळायचे. एप्रिल २०२४ पासून श्रेणीभेद न ठेवता सगळ्यांना ५००० रुपये झाले. वय ५० पूर्ण हवं, दिव्यांगांना ४०. कलेच्या क्षेत्रात किमान १५ वर्षांचं काम हवं. वार्षिक उत्पन्न ६० हजारांच्या आत हवं. एका जिल्ह्यातून वर्षाला १०० जणांची निवड होते, त्यामुळे अर्ज केला म्हणजे झालं असं धरून चालू नये.

जून २०२४. लोकसभेची आचारसंहिता नुकतीच उठली होती. मुलगी माहेरी आली होती, तिनं मोबाइलवर शासन निर्णय उघडून माझ्या हातात दिला. "बाबा, हे तुमच्यासाठीच आहे." मी वाचला आणि फोन परत दिला. मला ते हात पसरल्यासारखं वाटलं. बाहुल्यांचे खेळ अजून मिळत होते, शाळांतल्या कार्यशाळा मिळत होत्या. पण जूनमध्ये शाळा सुरू होऊन पहिलं बोलावणं येईपर्यंत घरात काय येतं ते बायकोला ठाऊक होतं. ही रात्री एवढंच म्हणाली, "अहो, नावात मान आहे ना त्याच्या? मग मान म्हणूनच घ्या." दुसऱ्या दिवशी मी वही उघडून बसलो.

अर्जात ‘कलाप्रकार’ असा एक रकाना आहे. त्याच्याखाली, त्या कलेत किती वर्षं. भजन, कीर्तन, शाहिरी, नाटक, चित्रकला असं एकेक नाव डोळ्यांसमोर आणलं. यातलं बरंच काही मी केलेलं. कशालाच सलग पन्नास वर्षं दिलेली नाहीत. त्या एका रकान्यापाशी मी कित्येक दिवस अडकून होतो. शेवटी मुलगी म्हणाली, "आधी सगळं वर्षांनुसार लिहा, नाव मग ठरवू." तुम्हीही हेच करा. उजवीकडे जागा सोडून एका वहीत साल, काम, जागा, सोबतची माणसं लिहायची आणि उजव्या बाजूला ‘पुरावा काय’ हे लिहायचं. माझी वही अशी भरत गेली.

१९७७. आम्ही ठाण्याच्या वागळे इस्टेटला लागून राहायचो. १९६२ साली एमआयडीसीची सुरुवात जिथून झाली तीच ही वसाहत, आणि आमच्या लहानपणी तिथे दिवसरात्र पाळ्या चालायच्या. कामगारांचं एक कलापथक होतं, त्यात मी अठराव्या वर्षी झीलकरी, म्हणजे शाहिराच्या मागे उभं राहून सूर ओढणारा साथीदार, म्हणून उभा राहिलो. शाहीर अमर शेख जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती, पण त्यांच्या सभा ऐकलेली माणसं आमच्या पथकात होती आणि तालमीत त्यांचं नाव निघालं की आवाज आपोआप चढायचा. मला तुणतुणं दिलं. तुणतुण्याला एकच तार. त्यावर बोटं फिरवून काही वाजवायचं नसतं, शाहिराचा षड्ज सतत धरून ठेवायचा. आणि झील ओढताना शाहिराच्या शेवटच्या अक्षरावर नेमकं चढायचं, आधी नाही आणि नंतरही नाही. आमचे शाहीर सांगायचे, झील अशी ओढा की लोकांना वाटलं पाहिजे मीच अजून गातोय.

सहा वर्षं हे केलं. १९८३ मध्ये स्वरयंत्रावर गाठ निघाली. डॉक्टरांनी आधी बोलणं बंद ठेवायला सांगितलं आणि नंतर वरच्या पट्टीत गाणं कायमचं. त्या वर्षाबद्दल मी वहीत फक्त साल लिहिलं. पुराव्यासाठी दवाखान्याचा कागद सापडला, पण तो कुठे लावायचा हा प्रश्नच होता.

पथकातल्याच एकानं मला हौशी नाटकाच्या मागच्या बाजूला नेलं. पडदे रंगवायला माणूस हवा होता. गडकरी रंगायतन १९७८ साली सुरू झालं होतं आणि ठाण्यातल्या हौशी संस्थांना त्या रंगमंचाच्या मापाचं काही करून पाहायची हौस होती. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते मास्तर आता नाहीत. मांजरपाट जमिनीवर ताणून खिळे ठोकायचे, खळीचा हात द्यायचा, वाळला की सरस गरम करून त्यात पावडरचे रंग कालवायचे. सरस थंड होऊ द्यायचा नाही, म्हणून डबा सारखा शेगडीवर. कुंचला लांब काठीला बांधायचा आणि उभ्यानं, पडद्यावर अनवाणी चालत रंगवायचं. हे रंग ओले असताना गडद दिसतात आणि वाळले की उतरतात. त्यामुळे उद्या कसा दिसेल तो रंग आज डोळ्यांसमोर आणूनच हात चालवावा लागतो. मास्तर मागच्या भिंतीचा वाडा मला मुद्दाम फिका ठेवायला लावायचे. पहिल्यांदा कळेना. मग प्रयोगात पाहिलं, समोर नट उभा राहिला की तो फिका वाडा त्याला पुढे ढकलत होता. झीलकऱ्याचं काम तेच होतं. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की माझं गाणं पूर्ण गेलेलं नाही.

हे सगळं इतक्या तपशिलात लिहिण्याचं कारण आहे. वहीत हे लिहिल्यावरच रकान्यात काय भरायचं ते मला दिसायला लागलं.

पडद्यांवर पोट भरत नव्हतं. मी काम करत होतो तो कारखाना बंद पडल्यावर १९८८ पासून पाट्या रंगवल्या. जांभळी नाक्यापासून नौपाड्यापर्यंत दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या फाळक्यावरची अक्षरं, गणपती मंडळांचे कापडी फलक. खडू लावलेली दोरी ताणून सोडली की सरळ रेघ उमटते, तिच्यावर अक्षरं बसवायची. २००० नंतर फ्लेक्स आला आणि बघता बघता ते काम संपलं. ही तेरा-चौदा वर्षं अर्जात धरली गेली नाहीत, तो व्यवसाय समजला जातो. मला त्याचं वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं. माझा हात सगळ्यात तयार झाला तो त्याच वर्षांत. पण त्याच काळात मी कामगार कल्याण मंडळाच्या आणि राज्य नाट्य स्पर्धेतल्या नाटकांसाठी रात्री पडदे आणि फ्लॅट (रंगमंचावर भिंती म्हणून उभ्या करायच्या कापडी चौकटी) रंगवत होतो, ते धरलं गेलं. म्हणून सांगतो, पोटापाण्याच्या वर्षांत बाजूला केलेलं कलेचं काम आठवून आठवून लिहा. ते बहुतेक सगळे विसरतात.

२००३ मध्ये एका बालनाट्यासाठी मुखवटे करायचे होते. रद्दीचा लगदा, डिंक आणि खडूची पूड घेऊन केले. त्यातून हाताच्या बाहुल्या सुरू झाल्या. लोक लगेच रामदास पाध्यांचं आणि अर्धवटरावाचं नाव काढायचे. तसं माझं नाही. ते शब्दभ्रमकार, बाहुलीशेजारी बसून ओठ न हलवता बोलतात. मी पडद्याआड असतो आणि बाहुली हातमोज्यासारखी हातात घालतो. माझा बसका, खालच्या पट्टीतला आवाज म्हाताऱ्या सुताराला आणि वाघोबाला चपखल बसला. वीस वर्षांनी मी पुन्हा लोकांसमोर आवाज काढला.

नंतर ठाण्याहून रात्रीची कोकणकन्या पकडून कुडाळजवळच्या पिंगुळीला गेलो. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा पाहायची होती. चित्रांची जुडी असते, तिला पोथी म्हणतात. एकेक चित्र समोर धरून गात गात कथा सांगतात. गंगावणे कुटुंबानं तिथे या कलेचं संग्रहालय केलं आहे, आणि परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा मला घरच्या माणसाला मिळाल्याचा आनंद झाला. ती त्यांच्या समाजाची कला, मी ती करत नाही. पण तिथे मांडी घालून बसलेलो असताना माझ्या डोक्यातलं एक ओझं उतरलं. गाणं सुटलं म्हणून चित्राकडे गेलो आणि चित्र सुटलं म्हणून बाहुलीकडे, असंच मी स्वतःला सांगत आलो होतो. आणि इथे माणसं गाणं आणि चित्र एकाच हातात धरून बसली होती, कोणाला त्यात वेगळं काही वाटतही नव्हतं.

वही पूर्ण झाली तेव्हा जुलै संपत आला होता. रकान्यात मी ‘रंगभूमी – नेपथ्य व बाहुलीनाट्य’ असं लिहायचं ठरवलं आणि शाहिरीची सहा वर्षं सोबत जोडायच्या परिचयात घातली. ज्या कलेची वर्षं सर्वात जास्त आणि कागद सर्वात भक्कम, तिचंच नाव रकान्यात द्यावं. बाकीच्या कला परिचयात दोन पानांत, सालासकट. मनाला सगळ्यात जवळची कला कोणती हा विचार इथे बाजूला ठेवावा लागतो. मला ते जड गेलं. माझ्या मनात मी अजून झीलकरीच आहे.

मग पुरावे. पडद्यांचे फोटो माझ्याकडे जवळजवळ नव्हते, नाटक संपलं की त्याच कापडावर दुसरं रंगवायचो. स्मरणिका आणि जुनी वर्तमानपत्रं कामाला आली. ठाणे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं आहे. तिथे आणि दोन जुन्या संस्थांच्या कपाटांत बसून स्पर्धांच्या स्मरणिका चाळल्या. १९८६ च्या एका स्मरणिकेत शेवटच्या पानावर, तळाला, बारीक टायपात ‘पडदे : बाळ पेंटर’ असं सापडलं. मी ते पान बराच वेळ हातात धरून बसलो होतो. तिथल्या ताईंनी विचारलं, "काका, तब्येत बरी आहे ना?"

पण त्या एका ओळीनं नवीन काम वाढवलं. सगळीकडे मी बाळ पेंटर, आणि आधारवर जन्मनाव. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. तेव्हा १०० रुपयांचा स्टॅम्प लागला, वर नोटरीचे पैसे वेगळे. मुद्रांकाचे नियम त्यानंतर बदलले आहेत, स्टॅम्प घेण्याआधी चौकशी करा. कलावंतांमध्ये टोपणनावं फार असतात, त्यामुळे हा कागद आधीच करून ठेवलेला बरा. बुवा, आप्पा, मास्तर याच नावानं छापून आलेल्या सगळ्यांना तो लागणार.

उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रातून काढला. पावती ३३ रुपये ६० पैशांची होती. लोकसेवा हक्क कायद्यानुसार दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे. माझा तलाठ्यांच्या चौकशीपाशी थोडा थांबला, तरी महिन्याच्या आत हातात आला. हा दाखला आर्थिक वर्षापुरता, ३१ मार्चपर्यंतच चालतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढला तर पुन्हा काढायची वेळ येते, तेव्हा एप्रिलनंतर काढा. बाहुल्यांच्या खेळांचं उत्पन्न रोख असतं, त्यासाठी मी खेळांची वही दाखवली. तारीख, शाळा, रक्कम. ती वही मी हिशेबासाठी ठेवत होतो, पुढे कलेचा पुरावा म्हणूनही तिचीच झेरॉक्स लागली.

शिफारसपत्रांसाठी तीन ठिकाणी गेलो. एका शाळेच्या मुख्याध्यापिकांनी लगेच दिलं, सालांसकट. एका नाट्यसंस्थेला मी स्वतः मजकूर लिहून नेला, त्यांनी नोंदवहीशी ताडून लेटरहेडवर दिला. पत्रात ‘उत्तम कलावंत आहेत’ यापेक्षा ‘अमुक सालापासून अमुक सालापर्यंत अमुक काम केलं’ हे वाक्य महत्त्वाचं. पत्रावर जावक क्रमांक, शिक्का आणि तारीख आहे ना, ते तिथेच उभं राहून पाहून घ्या.

ऑगस्टमध्ये मुलीनं ऑनलाइन अर्ज भरला. कागद स्कॅन करायला नाक्यावरच्या सायबरवाल्यानं पानाला १० रुपये घेतले. स्मरणिकेची पानं पिवळी पडलेली, पहिल्या स्कॅनमध्ये अक्षरच दिसेना, म्हणून ती दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी मोबाइलनं काढली आणि ती छान आली. झेरॉक्स, स्कॅन, नोटरी, रिक्षा असा सगळा खर्च दोन हजारांच्या आत बसला. अर्ज क्रमांकाची प्रिंट हिनं देवघराच्या खणात ठेवली.

सप्टेंबरमध्ये त्रुटीचा निरोप आला. १९८९ ते १९९५ या वर्षांचे कागद कमी होते. पाट्यांची वर्षं ती. मी जुन्या नटांना फोन लावले. त्यातल्या एकाकडे, आता कोपरखैरण्याला राहतात, १९९२ च्या नाटकाचा ग्रुप फोटो होता. मागे माझा अर्धा रंगवलेला पडदा आणि कोपऱ्यात काठीला बांधलेला कुंचला घेऊन मी. मी म्हटलं झेरॉक्स द्या, ते म्हणाले, "अरे बाळ, मूळ फोटोच घेऊन जा, माझ्या भिंतीवर तो तुझ्याविना कोण ओळखतंय?" फोटोच्या मागे त्यांनी साल आणि नाटकाच्या संस्थेचं नाव लिहून सही केली. दोन प्रमाणपत्रं आणि हा फोटो एवढ्यानं त्रुटी निघाली.

मग १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. २० नोव्हेंबरला मतदान झालं. आचारसंहितेत असल्या निवडी पुढे सरकत नाहीत, हे गृहीत धरून मी चौकशीच केली नाही. तरी ते थांबणं सोपं नव्हतं. वही भरताना पन्नास वर्षं उघडी पडली होती आणि आता ती कुठल्यातरी टेबलावर पडून होती. रात्री वाटायचं, कोणी वाचत असेल का? त्या दिवसांत मी बाहुलीचा एक नवीन खेळ बसवला. हात कामात असले की बरं वाटायचं.

जानेवारी २०२५ मध्ये पडताळणीसाठी बोलावणं आलं. माझ्या ओळखीतल्या दोघांना आलं नव्हतं, त्यामुळे ते सगळ्यांना येतंच असं नाही. मूळ कागद सालांनुसार लावून नेले, आणि पिशवीत सुताराची बाहुली घेतली. टेबलामागच्या गृहस्थांनी फाइल चाळली आणि विचारलं, "शाहिरी, पडदे, बाहुल्या. तुम्ही नेमके कोण?" प्रश्नात टोचणी नव्हती, त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "साहेब, मी मागे उभं राहणारा कलावंत आहे. आधी शाहिराच्या मागे, मग नटाच्या मागे, आता बाहुलीच्या मागे." त्यांनी बाहुली दाखवायला सांगितली. सुतारानं त्यांना नमस्कार केला आणि बसक्या आवाजात विचारलं, "साहेब, माझा पण अर्ज घेता का? मी पण बावीस वर्षं काम करतोय." शेजारच्या मॅडम हसल्या. फाइलवर त्यांनी काय लिहिलं ते मला दिसलं नाही.

मार्चमध्ये यादीत नाव आलं. मुलीनं फोनवर वाचून दाखवलं, नावापुढे ‘नेपथ्य व बाहुलीनाट्य’. ही शेजारणीला सांगायला गेली. मी त्या १९९२ च्या फोटोवाल्यांना फोन केला.

पैसे मात्र लगेच आले नाहीत. रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात थेट जमा होते. बँकेत केवायसी केलेलं असणं वेगळं आणि आधार सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे जमा होण्यासाठी खातं आधारशी जोडणं, वेगळं. आपली दोन-तीन खाती असतील तर ज्याला शेवटी सीडिंग झालं असेल तिथे रक्कम जाते. माझं एक जुनं, न वापरलेलं खातं निघालं, सीडिंग त्याला होतं. बँकेत फॉर्म भरून ते चालू खात्याला करून घेतलं, त्यात पंधरवडा गेला. अर्ज भरण्याआधीच बँकेत जाऊन हे विचारून घ्या, तिथे यासाठी पैसे पडत नाहीत. पहिले ५००० मे महिन्यात जमा झाले. त्यातून मांजरपाट घेतला, कारण नवीन खेळाला मागे पडदा हवा होता.

वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्याची तारीख कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवली आहे. कलावंताच्या पश्चात पती किंवा पत्नीला मानधन मिळण्याची तरतूद आहे, म्हणून अर्जातलं जोडीदाराचं नाव आधारवर आहे अगदी तसंच लिहा आणि दोघांचा एकत्र फोटो काढून ठेवा. आमचा लग्नानंतरचा एकत्र फोटो नव्हता. सावरकर नगरच्या स्टुडिओत जाऊन काढला. चार प्रती घ्या, दोन लागतातच.

आप्पांची वही आम्ही परवा सुरू केली. दांडपट्टा की लेझीम, तिथेच अडलंय. मी त्यांना म्हटलं, आधी सालं लिहा.